दिवसा सांगितलेली गोष्ट

१

जुन्या पोलीस चौकीपासून काष्टीतल्या माझ्या घरापर्यंत दोन मैल. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा अंतराच्या बाबतीत माझा शब्द मानायला हरकत नाही. रस्ता सरळ, सपाट. दोन्ही बाजूंना पडीक रान, आणि त्र्याहत्तर सालच्या त्या मे महिन्यात रानात डोळ्याला अडेल असं काही उरलं नव्हतं. चौकीच्या ओट्यावर उभं राहिलं की आमच्या आळीतली चिंच दिसायची. वाटेत खूण अशी एकच, रस्त्याखालून गेलेली दगडी मोरी. तिच्या खालचा ओढा दोन वर्षं कोरडा होता.

रोज दुपारी बारा वाजता मी चौकीतून निघायचो. खांद्याला अॅल्युमिनियमची पाण्याची बाटली. मोरीच्या कठड्यावर बसून अर्धी बाटली संपवायची, घरी पोचायचं, विजयाने केलेला डबा घ्यायचा आणि परत यायचं. उन्हात माझा जीव अगदी कासावीस व्हायचा. विजया माझी धाकटी बहीण. डबा तिच्या मुलीसाठी, नीलांबरीसाठी. नऊ वर्षांची नीला त्या चौकीत मुंबईच्या टेलिव्हिजनसाठी काम करत होती.

हे वाक्य मी तेव्हा गावात किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. आता मी ते कुणालाच ऐकवत नाही.

२

मुंबईत आदल्या ऑक्टोबरात टेलिव्हिजन सुरू झालं होतं. आमच्याकडे ते कुणी पाहिलेलं नव्हतं, पण मी वर्तमानपत्रात वाचलं की हेमचंद्र नावाचे एक दिग्दर्शक त्याच्यासाठी पोलिसी मालिका करताहेत. फौजदार खरा, तपास खरा, गुन्हेगार मात्र परीकथेतले. राक्षसीण, चेटकीण, झोटिंग. त्यांना खेड्यातल्या गोष्टी हव्या होत्या.

मी एक गोष्ट लिहून पाठवली. माझी नव्हे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या गोजरबाई नीलाला तिन्हीसांजेनंतर सांगायच्या, ती. हौसेला मोल नाही म्हणतात. मला पंचविसाव्या वर्षापासून लेखक व्हायचं होतं आणि आता चाळिशी आली होती.

गोष्ट अशी. एकटी पोर घरात असते. तिचा मामा बाजाराला जातो आणि दार उघडू नकोस म्हणून बजावतो. मग दाराशी कुणीतरी येतं, मामाच्याच आवाजात हाका मारतं. पोर शहाणी. ती आतून विचारते, "मामा, पाणी देऊ का?" लांबून चालत आलेल्या माणसाला आधी तहान लागलेली असते. दाराबाहेरच्याला ती नसते. तो म्हणतो, "नको, आधी दार उघड." पोर अडसर घालते. पुढे खरा मामा येतो, तांब्याभर पाणी पितो, आणि गोष्ट संपते.

हेमचंद्रांनी मामाला फौजदार केलं, आणि पंधरा दिवसांत जीपभर सामान घेऊन माणसं हजर. मुंबईहून आणलेल्या मुलीला दुसऱ्याच दिवशी गोवर निघाला. हेमचंद्र डोक्याला हात लावून बसले होते. नीलाला पुढे केलं ते मी.

विजया नको म्हणत होती. पाच वर्षांपूर्वी नवरा गेला आणि ती या पोरीला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हापासून नीला तिच्या नजरेआड गेली नव्हती. "दादा, तिला तुझ्याशिवाय कुणी नाही," ती म्हणाली. "तू तिथे असशील ना सारखा?"

"सारखा," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर हेमचंद्र मला म्हणाले होते, "मास्तर, ही गोष्ट नीट पार पडली तर मुंबईला या. लिहिणारा माणूस मला हवाच आहे."

३

कामात मला एक वही दिली होती. कुठला शॉट, कितवा टेक, काय बोललं गेलं, ते लिहायचं. शाळामास्तरला शोभेल असं काम. शिवाय नीलाकडून वाक्यं पाठ करून घेणं माझ्याकडे. ती बाहुलीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत असते, तेवढ्यात दार वाजतं, असा तो शॉट होता. "पाणी देऊ का" हे शांतपणे विचारायचं. उत्तर आलं की रडायचं नाही. अडसर दोन्ही हातांनी, सावकाश घालायचा, म्हणजे आवाज नीट येईल. मी तिच्याकडून हे पन्नासदा घटवून घेतलं.

गोष्ट रात्रीची, पण दिव्यांना पुरेल अशी वीज चौकीत नव्हती. म्हणून सगळं भर दुपारी. कॅमेऱ्यावर निळी काच लावली की ऊन चांदण्यासारखं दिसतं म्हणे.

गोजरबाई चहाची भांडी घासायला तिथेही येत. त्या शॉटच्या पहिल्या दिवशी नीलाने गोष्ट सुरू केली तशा त्या राखेच्या हातांनी उठल्या.

"गुरुजी, हे काय करताय? दिसा गोष्ट सांगू नये. मामा वाट चुकतो."

हे तर प्रत्येक मराठी पोराने ऐकलेलं असतं. आयांना दिवसा कामं असतात, पोरं गोष्टीसाठी भंडावतात, म्हणून काढलेली पळवाट. मी हेमचंद्रांना ते हसत हसत समजावून सांगितलं.

"पडद्यावर रात्रच आहे, आजी," ते म्हणाले.

"पडद्यावर आसंल," गोजरबाई म्हणाल्या. "ह्या पोरीच्या मामाला डोक्यावर ऊनच हाय न्हवं?"

सगळे हसले. फौजदाराचं काम करणारा नट खोट्या मिशीला हात लावून सर्वांत जास्त हसला. खाकी वर्दीमुळे त्याला गावातली माणसं रोज सलाम ठोकत होती आणि दुष्काळी कामावरच्या तक्रारी सांगत होती. मीही हसलो. बारा वाजले होते. मी डबा आणायला निघालो, आणि माझ्यामागे नीलाचा बारीक आवाज सुरू झाला, "एक होती मुलगी..."

मोरीवर बसलो. अर्धी बाटली प्यालो. उठून चालायला लागलो. चिंच समोर होती. दहा मिनिटांनी पुन्हा मोरी आली.

४

तीच मोरी. कठड्याचा तोच फुटका दगड.

मी मागे वळून पाहिलं. रस्ता सरळ होता. मी मनाशी म्हटलं, शामकांत, उन्हाने टाळकं तापलंय. मधे डुलकी लागली असेल आणि उठून उलट दिशेने चाललो असेन. पण तसं असतं तर चिंच पाठीमागे असायला हवी होती. ती समोरच होती. मग म्हटलं, कदाचित दोन मोऱ्या असतील आणि आपलं लक्ष गेलं नसेल. सोळा वर्षं त्या रस्त्याने जाणारा भूगोलाचा मास्तर मी! तरी त्या क्षणी मी ते मान्य केलं. घरी जायचं होतं.

घरी विजया म्हणाली, "आज उशीर?" मी म्हणालो, "ऊन."

परत आल्यावर वहीत पाहिलं. माझ्यामागे एकच टेक झाला होता.

दुसऱ्या दिवशी चार झाले. त्या दिवशी मला पाच मोऱ्या लागल्या.

पाचव्या मोरीवर मी बसलो नाही. पळत सुटलो. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. बाटली खांद्यावर तशीच डुचमळत होती, तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? घरात शिरलो तर विजया चुलीपुढे बसून स्वतः जेवत होती. तिने घास हातात तसाच धरला.

"काय राहिलं?" तिने विचारलं.

"डबा दे."

"अरे दादा, डबा घेऊन गेलास की आत्ता." ती हसली, पण पुरतं नाही. "दोन तांबे पाणी प्यालास. उद्याच्या टँकरपर्यंत पुरवायचंय म्हणून मी ओरडलेसुद्धा."

चुलीशेजारी तांब्या होता. मी तो उचलून पाहिला. रिकामा होता. काठाला ओल होती.

५

चौकीवर नीला पायरीवर बसून डब्यातला शेवटचा गूळ खात होती. आमचाच डबा. कडीला विजयाने बांधलेला लाल दोरा.

"कुणी आणला गं?"

"तूच की." तिला वाटलं मी खेळ करतोय. "मामा, परत विचार ना."

मी वही उघडली. मी वाटेत होतो तेव्हाचे चारही टेक लिहिलेले होते. कोणत्या टेकला बाहुली पडली, कोणत्या टेकला बाहेर बकरी ओरडली. अक्षर माझं होतं. शाळेत फळ्यावर लिहून लिहून माझा 'ळ' एका बाजूला कलतो, तसाच कललेला.

हेमचंद्रांना विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मास्तर, तुम्हीच. इथे बसून." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं वाटत नाहीये का? सावलीत बसा."

मी सावलीत बसलो. विचार केला. डबा मी नेला, वही मी लिहिली, पाणी मी प्यालो, आणि मला ते आठवत नाही. उष्माघाताने असं होतं, मी वाचलं होतं. हे उत्तर मला पटत होतं. मग वाटेत होता तो कोण, एवढाच प्रश्न राहत होता, कारण त्या पाचही मोऱ्या मला आठवत होत्या.

संध्याकाळी गोजरबाईंना मी एकटं गाठलं. हसलो नाही. त्याही मला हसल्या नाहीत.

"गोष्ट आर्धी ठिऊ नका," त्या म्हणाल्या. "दिसा सांगितली ती सांगितली. आता शेवट सांगून टाका पोरीला. दिवस मावळल्यावर, घरात बसून. मामा आला, पानी प्याला, एवढं म्हना. सुटंल."

"आजच सांगतो."

"आज नगं. उद्या पुन्यांदा दिसाच सांगनार न्हवं? आजचा शेवट उद्या वाया. समदं आटपू द्या, मग सांगा. पर इसरू नका, गुरुजी."

६

तिसऱ्या दिवशी मी डबा आणायला गेलोच नाही. नीला सकाळीच बरोबर भाकरी घेऊन आली. मी कॅमेऱ्याशेजारून हललो नाही. पण तिचा गळा बसला होता, ऊन सरकत होतं, टेकवर टेक होत होते. सतरा. मी स्वतः मोजले, स्वतः लिहिले. प्रत्येक वेळी तिने मी शिकवल्यासारखं शांतपणे विचारलं, पाणी देऊ का, आणि दाराबाहेरून नट म्हणाला, नको, आधी दार उघड. सतराव्यांदा तिने अडसर घातला तेव्हा कॅमेऱ्यातली फिल्म संपली.

"आणखी किती आहे?" हेमचंद्रांनी विचारलं. नव्हतीच. फौजदार दाराशी येतो, पाणी मागतो, दार उघडतं, तो शेवटचा शॉट राहिला होता. खाकी वर्दीतला नट उभा राहून घाम पुसत होता.

हेमचंद्रांनी दाराकडे बघत विडी ओढली. मग म्हणाले, "नाहीतरी शेवट बाळबोधच आहे. दार बंदच राहू दे. मामा आलाच नाही. बघणारे झोपायचे नाहीत रात्रभर. काय मास्तर?"

मला बोलायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की गोष्ट अशी नाही, मामा येतो. माझ्या डोळ्यांसमोर मुंबई होती. मी म्हणालो, "झकास." तांबडी पेन्सिल घेऊन मी माझ्या हाताने कागदावरचा तो शेवट खोडला. ती पेन्सिल ओली करून लिहायची असायची, तिचा रंग माझ्या अंगठ्याला लागला.

मनात म्हटलं, पडद्यावर नसला तर नसू दे, आज दिवेलागणीला घरात सांगून टाकू. मी वही पुरी करायला आतल्या खोलीत गेलो. अर्धा तास, फार तर. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, गेल्याचा आला, आणि बऱ्याच वेळाने परत आल्याचा आला. मी बाहेर आलो. नीला नव्हती.

जीपवाला छगन सामानाच्या पेट्या चढवत होता. मला बघून त्याच्या हातातली पेटी खाली आपटली.

"नीला कुठाय?"

"घरी सोडली की." तो एक पाऊल मागे गेला. "तुमीच तर पोरीसंगं पुढं बसला हुता, गुरुजी. तुमाला सोडून आत्ता येतोय मी."

"मला घरी ने. छगन, पाया पडतो, आत्ताच्या आत्ता."

तो माझ्या पायांकडे बघत होता. मग उरलेल्या पेट्या तशाच टाकून तो जीपमध्ये चढला आणि स्टेशनच्या दिशेने गेला. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

७

सतरा अधिक खरी एक, अठरा. हिशेब सोपा होता. अठरा मोऱ्या ओलांडल्या की घर. मी तोंडाने मोजत निघालो.

सहावीपर्यंत मी पळालो. सहावीनंतर चाललो. नवव्या मोरीवर माझ्या लक्षात आलं की ऊन सरकत नाहीये. साडेचारला निघालो होतो आणि साडेचारचीच सावली माझ्या डाव्या अंगाला पडत होती. चिंच समोर होती. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं. बाराव्या मोरीवर मी रडलो. चाळीस वर्षांचा माणूस रस्त्यात उभा राहून मोठ्याने रडलो आणि नीलाला हाका मारल्या.

मी देवाला म्हणालो, नको मुंबई. नको काही. मला तिच्यापाशी पोचू दे, मी शेवट सांगतो. विजयाला मी सांगितलं होतं की मी सारखा तिथे असेन. पंधरा. सोळा. सोळावी की सतरावी, एकदा चुकल्यासारखं वाटलं. मी मागे जाऊन मोजू शकत नव्हतो, कारण मागे गेलं तर ती मोरी कितवी धरायची?

अठरावी ओलांडली आणि आमची आळी आली. चिंचेखाली शेजारच्या साळूबाईंची म्हैस बांधलेली होती. मला एवढा आनंद झाला की मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो. म्हैस दावं ताणून बाजूला सरली.

आमचं दार बंद होतं. दिवस नुकता मावळला होता.

८

आत कंदील लागलेला होता. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे, ती मी दोन वर्षं बुजवायची म्हणत होतो. मी हाक मारणार तेवढ्यात आतून विजया हसल्याचा आवाज आला. नवरा गेल्यापासून ती असं हसली नव्हती. मग एक पुरुषाचा आवाज ऐकू आला. सावकाश, मुलांना समजेल असा, मी वर्गात बोलतो तसा.

"...मग तिचा खरा मामा घरी आला. लांबून चालून चालून दमला होता. तांब्याभर पाणी प्याला. आणि गोष्ट संपली."

मी फटीला डोळा लावला. फार काही दिसलं नाही. खुंटीवर माझा कोट. नीलाची वेणी, पाठमोरी. तिच्या डोक्यावर ठेवलेला एक हात, आणि अंगठ्यावर तांबड्या पेन्सिलीचा रंग. दुसऱ्या हातात तांब्या होता, तोंडाला लावलेला. पाणी मनगटावरून ओघळत होतं. चेहरा तांब्याआड होता. तो खाली यायच्या आत मी डोळा काढला.

मी दार वाजवलं.

आतलं सगळं थांबलं. मग विजयाचा आवाज, अगदी हळू, "दादा, कोण असेल रे?" नीलाची पावलं दाराशी आली.

"कोण आहे?"

"मी गं, नीला. मामा." माझा आवाज माझाच होता. मी तो ऐकला.

ती पुढे काही विचारायच्या आत मला सगळं सुचलं. काय विचारणार ते मला ठाऊक होतं, काय म्हणायचं तेही ठाऊक होतं. ती गोष्ट मीच लिहिली होती. फक्त एक शब्द म्हणायचा होता, दे. तेवढ्यात खांद्यावरचं ओझं मला जाणवलं. बाटली. मी तिला हात लावला. चौकीवरून निघताना भरली तशी ती गळ्यापर्यंत भरलेली होती. अठरा मोऱ्या, आणि मी एक घोट घेतला नव्हता. जीभ ओठांवरून फिरवली. ओठ कोरडे नव्हते.

"मामा," नीला आतून शांतपणे म्हणाली, "पाणी देऊ का?"

दे म्हणायला मी तोंड उघडलं.

"नको," मी म्हणालो. "आधी दार उघड."

ती रडली नाही. तिने अडसर दोन्ही हातांनी, सावकाश घातला. मी शिकवला होता तसाच.